पुरवठा आणि भरवणे : खुंटलेल्या वाढीच्या संदर्भात पूरक पोषण आहाराची चिकित्सा

प्रस्तावना

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पुढील पाच दशकांत अंगणवाडी गावोगावी पोचली आणि पूरक पोषण आहार हे तिचे सर्वाधिक परिचित कार्य ठरले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंचीने कमी, असल्याचे आढळले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ३४.४ टक्के, तर तिसऱ्या फेरीत (२००५-०६) ४६.३ टक्के होते. पहिल्या दशकातील घट लक्षणीय होती. त्यानंतर मात्र ती थांबलेली दिसते.

आहार पोचत असताना वाढ का खुंटते, या प्रश्नाची तीन उत्तरे नेहमी दिली जातात : निधी अपुरा आहे, आहार निकृष्ट आहे आणि वाटपात गैरव्यवहार होतो. ही तिन्ही उत्तरे खोटी नाहीत. पण पुरेशीही नाहीत. निधी वाढवला, दर्जा सुधारला आणि गैरव्यवहार थांबवला तरी एक मूलभूत दोष शिल्लक राहील. आपल्या धोरणाने पूरक आहार हा पुरवण्याचा विषय मानला, भरवण्याचा नव्हे. ज्या वयात उंची खुंटते त्या वयाचे मूल स्वतःच्या हाताने पोटभर जेवू शकत नाही. त्याला कोणीतरी भरवावे लागते. या साध्या गोष्टीची दखल योजनेच्या रचनेत कितपत घेतली गेली, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. खुजेपण : न दिसणारे कुपोषण

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांनुसार बालकाची उंची त्याच्या वयाच्या मध्यकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असेल, तर ते बालक खुजे समजले जाते. उंचीच्या मानाने वजन कमी असणे ही कृशता होय. ग्रामीण बोलीत तिला लुकडेपणा म्हणतात. वयाच्या मानाने वजन कमी असणे हे तिसरे माप. ही तीन मापे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, पण व्यवहारात त्यांची सरमिसळ होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन वर्षे पूर्ण झालेल्या एका मुलीचे वजन ९.४ किलो आणि लांबी ७८ सेंटिमीटर आहे. या वयाच्या मुलींसाठी वजनाची खालची मर्यादा सुमारे ९ किलो आहे. म्हणून वजनाच्या नोंदवहीत ती ‘सर्वसाधारण’ ठरते. लांबीच्या मानाने तिचे वजन योग्य असल्याने ती कृशही नाही. पण लांबीची खालची मर्यादा सुमारे ८० सेंटिमीटर आहे. अर्थात ती खुजी आहे, आणि तीनपैकी दोन मापांनुसार ती कोणत्याही यादीत येत नाही. ती हसते, खेळते, अंगाने भरलेली दिसते. शेजारची मुलेही तेवढीच असल्यामुळे तिची आईसुद्धा तिला ‘बारकी आहे, अंगलट आमच्याकडचीच’ एवढेच म्हणते.

खुजेपणाची अडचण ती हीच. ते आजारासारखे दिसत नाही, त्यात आणीबाणी नसते. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राला हादरवले, तेव्हा कुपोषणाचे जे चित्र समाजमनात रुजले ते हाडांवर कातडी उरलेल्या बालकाचे होते. त्या चित्राने शासनाला जागे केले, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु त्यामुळे शासकीय लक्ष मृत्यूच्या उंबरठ्यावरील बालकावर केंद्रित झाले आणि ज्याची वाढ संथपणे, विनातक्रार थांबत होती ते बालक नजरेआड राहिले. ग्राम बाल विकास केंद्रासारखे उपक्रम तीव्र कृशतेसाठी आहेत. ते आवश्यकच आहेत. पण त्यांच्यामुळे खुजेपणाचा प्रश्न हाताळला जात आहे असे मानणे चूक ठरेल.

२. ‘लहान पण निरोगी’ : पुण्यातील एक वाद

खुजेपणाकडे दुर्लक्ष होण्याला एक वैचारिक पार्श्वभूमीही आहे आणि तिचा पुण्याशी निकटचा संबंध आहे. अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा सांभाळलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पुण्यात परतल्यावर असे प्रतिपादन केले की, व्यक्तीची उष्मांकांची गरज स्थिर नसते. शरीर मर्यादेत राहून स्वतःचे नियमन करते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित समजणे योग्य नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांनी या मांडणीवर कठोर टीका केली. सुखात्मे यांनी संपादित केलेल्या आणि १९८२ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी याच दिशेने आणखी पुढे जाऊन ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली. सौम्य व मध्यम खुजेपणा म्हणजे मर्यादित अन्नाशी शरीराने साधलेले निरुपद्रवी जुळवून घेणे, असा तिचा आशय होता.

ज्येष्ठ आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी या कल्पनेचा प्रखर प्रतिवाद केला. हे लहानपण नेमके गरिबांच्याच वाट्याला का येते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. खुजेपणा हे जुळवून घेणे असेल तर ती तडजोड मुलाने केलेली नसते, ती त्याच्यावर लादलेली असते. उंची हे येथे साध्य नव्हे, तर साक्ष आहे. ज्या परिस्थितीत हाडे वाढायची थांबतात, त्याच परिस्थितीत मेंदूची जडणघडण आणि रोगप्रतिकारशक्तीही वाढीस पारखी होते. शास्त्रीय पातळीवर हा वाद बराचसा निकालात निघाला आहे. प्रशासकीय मनातून मात्र ‘लहान पण निरोगी’ पुरते गेलेले नाही. वजन साधारण असलेल्या खुज्या मुलाला आपण आजही ‘ठीक’ समजतो.

३. योजनेची रचना आणि तिचे वय

आता पूरक आहाराची रचना पाहू. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, हे प्रमाण २००९ मध्ये ठरले; त्यापूर्वी ते ३०० उष्मांक होते. वर्षातून ३०० दिवस आहार अपेक्षित आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्याला हक्काचे रूप दिले. २०१७ मध्ये केंद्राने यासाठी बालकामागे दररोज ८ रुपयांचा खर्च निश्चित केला.

परंतु हा आहार वयानुसार दोन मार्गांनी जातो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत न्याहारी आणि गरम ताजे जेवण मिळते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहार, म्हणजेच ‘टीएचआर’, दिला जातो. शिरा, उपमा, सुकडी यांसारख्या पूर्वमिश्रणांची पाकिटे हे त्याचे महाराष्ट्रातील परिचित रूप होते. म्हणजे ज्या वयोगटाची उंची वाढवण्यासाठी आहार फारसे काही करू शकत नाही, त्याला योजना बसवून जेवू घालते. आणि ज्या वयात आहाराने सर्वाधिक फरक पडू शकतो, त्या वयाच्या मुलाच्या घरी पाकीट पाठवते. हा विपर्यास कोणी हेतुपुरस्सर केलेला नाही. तीन वर्षांचे मूल चालत अंगणवाडीत येऊ शकते, सव्वा वर्षाचे येऊ शकत नाही, एवढ्या सोयीतून तो निर्माण झाला आणि कायम राहिला.

पाकीट घरी गेल्यावर त्याचे काय होते, हे कोणतीही नोंदवही सांगत नाही. ते घरातील सर्व मुलांत वाटले जाते, आणि ज्या घरात चार मुले आहेत तेथे ते वाटले जाऊ नये अशी अपेक्षा ठेवणे अमानुष होय. चव न आवडल्यास ते जनावरांपुढे जाते, हेही गावात उघड बोलले जाते. नोंदवहीत मात्र ‘वाटप’ शंभर टक्के भरते. पुरवठ्याचे माप वाटप हेच असते. भरवण्याचे माप मुलाच्या पोटात गेलेले अन्न. पहिले मोजणे सोपे म्हणून दुसऱ्याचा विसर पडला.

पुरवठ्याभोवती हितसंबंधही लवकर गोळा होतात. अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार वापरू नयेत, गावसमूह, बचत गट व महिला मंडळांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. त्यानंतरही महाराष्ट्रातील घरपोच आहाराच्या मोठ्या निविदांचा वाद न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा प्रक्रिया रद्द केली. हा केवळ नीतिमत्तेचा प्रश्न नव्हता. आहार म्हणजे कारखान्यातून निघणारे पाकीट, अशी व्याख्या एकदा केली की त्यात स्थानिक बाईच्या चुलीला जागाच उरत नाही. कंत्राट हा त्या व्याख्येचा पुढचा तर्कशुद्ध टप्पा असतो.

४. संशोधनाची साक्ष

या संदर्भात दोन परदेशी प्रयोग विशेष उद्बोधक आहेत. पहिला ग्वाटेमालातील. १९६९ ते १९७७ या काळात तेथील चार खेड्यांत गरोदर व स्तनदा माता आणि सात वर्षांखालील मुले यांच्यासाठी आहारकेंद्रे चालवण्यात आली. दोन खेड्यांत ‘आतोले’ हे प्रथिनयुक्त घट्ट पेय, तर दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ हे प्रथिनविरहित, कमी उष्मांकांचे पेय दिले गेले. आतोले घेणाऱ्या मुलांची उंची वाढली. पण ही वाढ तीन वर्षांखालील वयातच दिसली. तीन वर्षांनंतर मिळालेल्या आहाराचा उंचीवर परिणाम आढळला नाही. पुढे ही मुले प्रौढ झाल्यावर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांपूर्वी आतोले मिळालेल्या पुरुषांचे ताशी वेतन ४६ टक्क्यांनी अधिक होते. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, हे पेय घरी पाठवले जात नव्हते. ते केंद्रावर, दिवसातून दोन वेळा, समक्ष दिले जात होते.

दुसरा प्रयोग जमैकातील किंग्स्टन शहराचा. त्यात ९ ते २४ महिन्यांची, आधीच खुजी असलेली १२९ बालके होती. काहींना दोन वर्षे दर आठवड्याला दुग्धजन्य आहार घरी दिला गेला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा तासभर येऊन आईसह मुलाशी खेळत असे. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. १९९१ च्या अहवालानुसार आहार आणि खेळ या दोहोंनी मुलांच्या विकासास मदत झाली आणि दोन्ही मिळालेल्यांना सर्वाधिक. परंतु वीस वर्षांनी, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खेळ-संवाद मिळालेल्यांची कमाई २५ टक्क्यांनी अधिक आढळली. केवळ आहाराचा दीर्घकालीन परिणाम दिसला नाही. मुलाच्या वाट्याचा आहार घरात वाटला जाऊ नये म्हणून कुटुंबासाठी वेगळे धान्य व दूधपूड देऊनही वाटणीचा प्रश्न पूर्ण सुटला नव्हता.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ते एकमेकांस पूरक आहेत. ग्वाटेमालात आहार गरोदरपणापासून आणि समक्ष मिळाला. जमैकात तो खुजेपणा आल्यानंतर आणि घरपोच मिळाला. जमैकात जे टिकले ते माणसाने मुलासाठी दिलेल्या वेळामुळे टिकले.

भारतीय साक्षही उपलब्ध आहे. हैदराबादजवळील खेड्यांत १९८७ ते १९९० या काळात काही गावांत गरोदर स्त्रियांना व बालकांना पूरक आहार मिळाला, शेजारच्या गावांत मिळाला नाही. किशोरवयात त्या दोन गटांची तुलना केली असता आहार मिळालेल्या गावांतील मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच असल्याचे २००८ मध्ये नोंदवले गेले. हा परिणाम नगण्य नाही, तसा भव्यही नाही. तमिळनाडूने तर १९८० मध्येच आपल्या एकात्मिक पोषण प्रकल्पात ६ ते ३६ महिने हा वयोगट निवडला होता. म्हणजे योग्य वय कोणते, हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे म्हणता येत नाही.

५. भरवण्याचे श्रम

नऊ महिने ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि एक-दोन वेळा मधले खाणे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन होते. कारण त्याचे पोट लहान असते. एका वेळी वाटीभर पातळ पेज त्याचे पोट भरते, पण भूक भागवत नाही. पाण्याने पोट तट्ट होते आणि उष्मांक अपुरे राहतात. अन्न घट्ट केले तर ते त्याला गिळवत नाही. यावरील उपाय आपल्या स्वयंपाकघरात जुना आहे : मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ. मोड आल्याने पिष्टाचे विघटन होते, लापशी घट्ट न होता तिच्यात जास्त पीठ मावते. डॉ. तारा गोपालदास यांनी बडोद्यात याच तत्त्वावर संशोधन केले. त्यात चमचाभर तेल, शेंगदाण्याचा कूट, मुगाची डाळ घातली तर आणखी काही लागत नाही.

लागतो तो वेळ. मूल तोंड फिरवते, थुंकते, खेळायला पळते. त्याला बोलत, रमवत भरवण्यास एका वेळी अर्धा तास सहज जातो. दिवसातून चार-पाच वेळा म्हणजे दोन-अडीच तास. बीड जिल्ह्यातून उसतोडीस जाणारी स्त्री पहाटे फडावर जाते. तिचे रांगते मूल पाचटावर किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. त्याची नोंद गावच्या अंगणवाडीत आणि ते स्वतः शेकडो किलोमीटर दूर, अशी स्थिती हंगामभर असते. या आईला ‘आहाराविषयी जागृत’ करणे हा समुपदेशनाचा आवडता उपाय आहे. तिला अज्ञान नाही. तिला सवड नाही. झारखंड-ओडिशातील एका मोठ्या प्रयोगात महिलांच्या सहभागी सभा व गृहभेटी यांमुळे बालमृत्यू व कमी वजनाचे प्रमाण घटल्याचे २०१७ मध्ये दिसले, परंतु मुलांच्या उंचीत लक्षणीय फरक पडला नाही. सल्ल्याला जेथे मर्यादा पडतात, तेथे भरवणाऱ्या हाताची गरज सुरू होते.

देशातील ६ ते २३ महिने वयाच्या केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळतो, असे २०१९-२१ चे सर्वेक्षण सांगते. हा आकडा केवळ दारिद्र्याने स्पष्ट होत नाही, कारण तो सर्व स्तरांतील मुलांचा आहे. भरवणे हे काम आहे, हे मान्य न करणाऱ्या समाजाचाही तो आकडा आहे.

६. सामुदायिक पर्याय

या जाणिवेतून उभा राहिलेला एक नमुना छत्तीसगडमध्ये आहे. बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी गावातच ‘फुलवारी’ सुरू केल्या. गावातील स्त्रिया दिवसभर मुलांना सांभाळतात, सत्तू आणि तेल घातलेली खिचडी भरवतात, त्यांच्याशी खेळतात. २०१२ नंतर सरगुजापासून राज्य शासनानेही हा नमुना स्वीकारला. ग्वाटेमालातील समक्ष आहार आणि जमैकातील सहवास, दोन्ही येथे एकत्र येतात. शिवाय आईचे हात कामासाठी मोकळे होतात आणि मोठ्या बहिणीची शाळा वाचते.

महाराष्ट्रानेही या दिशेने काही पावले टाकली. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून सुरू झाले आणि पुढच्या टप्प्यात त्याने पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील बालकांतील खुजेपणा ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे दिसले आणि त्याचे मोठे स्वागत झाले. हा आकडा दोन वर्षांखालील मुलांचा होता, तो पाच वर्षांखालील आकड्यांशी ताडून पाहता येत नाही. पण पुढील फेऱ्यांतील थांबलेली घट पाहता ते यश टिकवण्याची व्यवस्था उभी राहिली नाही, असे म्हणणे भाग पडते. आदिवासी भागातील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात २०१६ पासून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडे किंवा केळी देण्याचे ठरले. अंड्यात पाणी मिसळता येत नाही आणि ते कारखान्यात तयार होत नाही, हे त्याचे प्रशासकीय मोलही दुर्लक्षिण्यासारखे नाही.

७. काही आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला, खुजेपणाचा आरंभ गर्भातच होतो. आईचे लहान वयातील लग्न, रक्तक्षय आणि कमी जन्मवजन यांवर आहारकेंद्र काय करणार? आक्षेप रास्त आहे. आहाराचा परिणाम मर्यादितच असतो. बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही पूरक आहाराने उंचीत थोडीच भर पडली. मात्र घरगुती शौचालये व हात धुण्याच्या सोयींनी तेवढीही पडली नाही. इक्वेडोरमध्ये रोज एक अंडे देण्याने २०१७ मध्ये मोठा फायदा दिसला, मलावीत २०१९ मध्ये तो दिसला नाही. एकाच पदार्थावर श्रद्धा ठेवू नये, हा त्याचा अर्थ; आहार व्यर्थ आहे, हा नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पाळणाघर महाग असते. परंतु वाटप झालेले आणि मुलाच्या पोटात न गेलेले पाकीट स्वस्त कसे मानायचे? तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हा भार पुन्हा अल्प मानधनावरील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्यावरच पडेल. तसे झाल्यास ही सुधारणा नव्हे, अन्याय ठरेल. तीन वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र, सन्मानाने मोबदला मिळणारी कार्यकर्ती हवी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्यास एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पालना’ योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराची कल्पना आली. तत्त्व मान्य आहे. उणीव व्याप्तीची आणि आग्रहाची आहे.

समारोप

८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानाने खुजेपणाला प्रथमच राष्ट्रीय उद्दिष्टाचे स्थान दिले आणि २०२२ पर्यंत तो २५ टक्क्यांवर आणण्याचे ध्येय ठेवले. ते गाठले गेले नाही. पण अंगणवाडीत उंची मोजण्याची साधने आली, हेही थोडे नाही. मोजले जाऊ लागलेले खुजेपण आता नाकारता येणार नाही.

प्रस्तुत विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला पाकिटाऐवजी, किमान पाकिटाबरोबर, समक्ष भरवण्याची व्यवस्था मिळाली पाहिजे. दोन, योजनेचे यश वाटपाच्या टक्केवारीने नव्हे, तर दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांच्या उंचीने मोजले पाहिजे. तीन, स्थलांतरित मुलाचा हक्क गावाच्या नोंदवहीला नव्हे, तर मुलाला चिकटलेला असावा. गृहविज्ञान, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र हे विषय एकाच इमारतीत शिकवणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांना आपल्या परिसरातील दहा अंगणवाड्यांत हे तपासून पाहणे अवघड नाही. वाटप आणि सेवन यांतील अंतर किती, एवढाच प्रश्न घेऊन विद्यार्थी घरोघर गेले तरी शासनाच्या कोणत्याही तक्त्यात नसलेली माहिती हाती येईल.

तीन वर्षांनंतर गमावलेली उंची सहसा परत मिळत नाही. पुढील निविदा, पुढील फेरी, पुढील अभियान यांची वाट पाहण्याइतका अवकाश धोरणाला असतो. आज सव्वा वर्षाच्या असलेल्या मुलाला तो नाही.